उसाच्या गाडीमागं थांबायला शिकवताना

मी गाडी उत्तम चालवतो, हा माझा फार जुना समज आहे. बायको शेजारच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक पायानं दाबत असते, त्याचा अर्थ मी आजवर ‘तिला सवय आहे’ एवढाच लावत आलो. त्यामुळं विद्यापीठाच्या पत्रात माझा उल्लेख ‘आदर्श चालक’ असा छापून आला, तेव्हा मी ते पत्र चुंबकानं फ्रिजच्या दारावर लावलं. बायकोनं दूध काढताना ते वाचलं आणि विचारलं, “हे कुणाचं चुकून आपल्याकडं आलंय?”

चुकून आलं नव्हतं. मी नगरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो, राहतो सावेडीत. विद्यापीठ, वाहनांची एक प्रयोगशाळा आणि आमचं कॉलेज अशा तिघांनी मिळून एक प्रकल्प घेतला होता. पुढच्या काळात ड्रायव्हरशिवाय चालणारी गाडी आपल्या रस्त्यांवर कशी चालेल, याचा अभ्यास. परदेशात अशा गाड्या फिरतात म्हणे, पण तिथले रस्ते दिलेल्या शब्दाप्रमाणे वागतात. आपल्याकडं रस्ता रोज सकाळी उठून नवीन काहीतरी ठरवतो. कामाची वाटणी सरळ होती. गाडीचे डोळे आणि डोकं विद्यापीठाचं. चाकं, ब्रेक आणि चाचणीचा ट्रॅक प्रयोगशाळेचा. आमच्या कॉलेजकडं ‘स्थानिक सहकार्य’, म्हणजे चहा, सावलीतलं पार्किंग आणि मी.

छतावर कॅमेऱ्यांचा डबा बसवलेली एक पांढरी गाडी मी सावेडीतून निघून घोडेगाव, सोनई, राहुरी करत श्रीरामपूरला न्यायची आणि परत आणायची. कॅमेरे रस्ता बघायचे, पेडलांपाशी बसवलेले सेन्सर माझे पाय बघायचे. समोर काय दिसलं की हा माणूस वेग कमी करतो आणि काय दिसलं की वाढवतो, हे पुन्हा पुन्हा बघून गाडी आपलं आपण शिकणार होती. “लहान मूल बापाचं बघून शिकतं तसं,” असं मी पहिल्याच बैठकीत म्हणालो आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मुलं माझं बघून काय शिकली, हे कुणी विचारलं नाही, ते एक बरं झालं.

सोनईच्या बाजारात गाडी उभी केली की माणसं जमायची. एकजण डब्याकडं बघत म्हणाला, “सायेब, शुटिंग हाय का?”

“नाही हो. ही गाडी पुढं ड्रायव्हरशिवाय चालणार आहे.”

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “मंग तुमी कशाला बसलाय?”

या प्रश्नाचं उत्तर प्रकल्पाच्या अहवालातही नाही.

गाडीचं डोकं ज्या डोक्यातून निघालं होतं, ती विद्यापीठातली एक संशोधक मुलगी. मुलगी म्हणतो ते माझ्या वयामुळं. एरवी ती पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यातली, आणि प्रकल्पातले भलेभले प्राध्यापक तिला विचारल्याशिवाय गाडीच्या वायरला हात लावत नसत. पाथर्डीकडच्या कोरड्या भागातली. आईवडील दर हंगामाला बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जायचे, अजून जातात. ती वसतिगृहांत राहून शिकली.

प्रकल्पात तिनं स्वतःसाठी मागून घेतलेला भाग होता उसाच्या गाड्यांचा. हंगामात आमच्याकडं गाडी चालवलेल्या माणसाला याबद्दल जास्त सांगायला नको. ट्रॅक्टरच्या मागं दोन ट्रॉल्या, त्यांवर ऊस असा रचलेला की मागचे दिवे झाकून जातात आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, रस्त्यावर लोळत येतात. बैलगाडीला तर मुळात दिवाच नसतो. माणसाला ते सरावानं कळतं. कॅमेऱ्याला तो ढीग रस्त्याकडेचं झुडूप वाटतो, आणि झुडपासाठी कुणी ब्रेक लावत नाही.

हाच विषय का घेतलास, असं मी एकदा विचारलं होतं. ती बॅटरीच्या जोडण्या तपासत होती. “आमच्या गाडीला एकदा पहाटे मागून जीप धडकली. आप्पा वाचले. एक बैल गेला,” ती म्हणाली, आणि लगेच, “सर, ती लाल वायर द्या.” मी काळी दिली.

तिचा हा भाग प्रकल्पात राहणार की वगळला जाणार, हेच त्या हंगामात ठरायचं होतं. आढावा समितीतल्या काहींचं म्हणणं असं, की बैलगाड्या आज ना उद्या जाणारच. मग पुढच्या काळातल्या गाडीला त्या शिकवायच्या कशाला? शेवटी ठरलं, ट्रॅकवर प्रात्यक्षिक दाखवा. जमलं तर हा भाग पुढच्या टप्प्यात जाईल, नाही तर इथंच संपवू. आणि हे सगळं साखर कारखान्यांचा पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप थांबायच्या आत व्हायला हवं होतं. एकदा हंगाम संपला की ऊस नाही, गाड्या नाहीत, दाखवणार काय?

नेमकी त्याच वेळी गाडी बिघडली.

उसाच्या ट्रॉलीमागं ती शहाण्यासारखी हळू व्हायची. पण मोकळ्या ट्रॅकवर, समोर काही नसताना, मध्येच वेग कमी करायची, जरा रेंगाळायची आणि पुन्हा निघायची. जणू घरातून निघताना गॅस बंद केला की नाही, हे ती आठवत होती.

विद्यापीठवाले म्हणाले, ब्रेक चिकटत असणार. प्रयोगशाळेतले ब्रेकवाले साहेब श्रीरामपूरचे, निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे. ब्रेकविषयी बोलताना ते आवाज खाली आणत, घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी बोलावं तसा. “ब्रेक मनानं काही करत नाही,” ते म्हणाले. “त्याला कुणीतरी सांगतं.” तरी त्यांनी ब्रेक उघडले. स्वच्छ होते. विद्यापीठवाल्यांचं समाधान होईना म्हणून पुन्हा उघडले. माणूस एका शब्दानं चिडला नाही. फक्त तिसऱ्यांदा विचारल्यावर चहाला नको म्हणाले, आणि प्रयोगशाळेत त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

अशा वेळी गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. मी पुढच्या बैठकीत एक मांडणी केली. ट्रॅकवरची हवा तापते, कॅमेऱ्याला मृगजळ दिसतं आणि गाडी पाणी समजून थबकते. सोबत स्लाइड होत्या. एका स्लाइडवर उंटही होता.

ब्रेकवाल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “सर,” ते म्हणाले, “आपण सगळे स्वेटर घालून बसलोय.”

त्याच दिवशी ट्रॅकवर एक गंमत झाली. शेंदरी जाकीट घातलेले सुरक्षा कर्मचारी कडेला उभे होते. गाडी त्यांच्याजवळ येऊन हळू झाली, रेंगाळली, आणि पुढं गेली. गडी खूष. “मान देती हो गाडी,” म्हणाले. आम्ही हसलो. ती मुलगी हसली नाही. ती त्या जाकिटाकडं बघत राहिली आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, “सर, उद्या मी तुमच्याबरोबर येते.”

मला वाटलं, आदर्श चालकाकडून चार गोष्टी शिकायच्या असतील. दुसऱ्या दिवशी नगर सोडल्यापासून मी तिला सांगत होतो. पाय कसा हलका ठेवावा, नजर कशी लांब असावी, वगैरे. ती ‘हो सर, हो सर’ म्हणत होती आणि एकदाही रस्त्याकडं बघत नव्हती. बघत होती माझ्या हातापायांकडं. घोडेगाव मागं पडलं आणि ती एकदम म्हणाली,

“आत्ता काय केलंत?”

“कुठं काय?”

“हात.”

“कुठला हात?”

“उजवा. स्टिअरिंगवरून उठला, छातीला लागला, ओठांना लागला, परत गेला.”

“छे!”

“आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उठला.”

“मग मला कसं कळलं नाही?”

“गाडी वळवा सर.”

वळवली. पुन्हा तिथूनच आलो. बांधावर, बाभळीखाली, ताजा शेंदूर लावलेला म्हसोबा. या खेपेला मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलं. हात हलला नाही. पाय उठला. मानही थोडी वाकली, असं तिचं म्हणणं आहे. ते मी अजून मान्य केलेलं नाही.

सोनईपर्यंत मग आमचा तोच उद्योग. मारुती आला, पाय उठला. म्हसोबा आला, पाय उठला. एका हॉटेलासमोर शेंदरी रंगाचा पाण्याचा ड्रम होता. ड्रमलाही पाय उठला. तिथं मात्र ती इतकी हसायला लागली की मला गाडी कडेला घ्यावी लागली. ओढणीनं डोळे पुसत ती म्हणायची, “ड्रमला, सर!” आणि परत हसायची. मीही हसलो, पण माझं हसणं जरा उशिरा आणि चुकीच्या जागी आलं.

ट्रॅकवर शेंदरी काय होतं? खुणेचे प्लॅस्टिकचे कोन. सुरक्षावाल्यांचं जाकीट. गाडी बिघडलेली नव्हतीच. लहानपणापासून माझ्या पायात बसलेला नमस्कार तिनं मन लावून उचलला होता. देव तिला दिसत नव्हता, रंग दिसत होता, आणि माझ्या पायालाही बहुधा तेवढाच दिसत होता.

हसणं थांबलं आणि मुलीचा चेहरा उतरला. हंगामभराचं उसाच्या गाड्यांचं सगळं चित्रण माझ्याच चालवण्यातलं होतं. ते टाकून द्यावं तर हातात काही उरत नव्हतं. ठेवावं तर समितीसमोर गाडी कोनांना नमस्कार करणार होती.

“समितीला ‘तांत्रिक अडचण’ म्हणून सांगू,” मी म्हणालो. “तारीख पुढं घेऊ.”

“सर, तांत्रिक अडचण तुम्हीच आहात,” ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. “सॉरी सर.”

“सॉरी कशाला? एवढं नेमकं निदान या प्रकल्पात अजून कुणी केलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी तिनं बैठकीत सगळं सांगितलं. माझ्याकडं न बघता, ‘चालकाची एक सवय’ अशा शब्दांत. सगळे माझ्याकडं बघत होते, ते वेगळं. मला भीती होती ती ब्रेकवाल्या साहेबांची. उगाच संशय घेऊन त्यांचे ब्रेक आम्ही पुन्हा पुन्हा उघडायला लावले होते, आणि वर मी तर उंट दाखवला होता. साहेबांनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले,

“म्हणजे आमचे ब्रेक आस्तिक निघाले.”

आणि त्या दिवशी त्यांनी चहा घेतला.

मी माझ्यापरीनं उपाय सुचवला. उरलेल्या दिवसांत मी तोच रस्ता नमस्कार न करता चालवीन. त्यासाठी निघतानाच घरी देवापुढं उभा राहून वाटेतल्या सगळ्यांना आगाऊ नमस्कार करून घेतला. बायको दारातून बघत होती. “घोडेगावपासून श्रीरामपूरपर्यंत सगळ्यांना एकदम?” ती म्हणाली. “पोचला का, ते विचारून घ्या एकेकाला.” पोचला नसावा. म्हसोबापाशी पाय उठलाच.

संध्याकाळी ती मुलगी म्हणाली, “राहू द्या सर. तुमची सवय घालवायची नाही. तुमच्या शेजारी दुसऱ्यांच्या सवयी आणून ठेवायच्या.”

मला आधी कळलं नाही. तिनं फळ्यावर रस्त्याची एक रेघ ओढली. तोच रस्ता, तीच उसाची वाहतूक, पण चालवणारी माणसं निरनिराळी. जिथं एकटाच कुणी हळू होतो, तिथं त्या माणसाचं काहीतरी असतं. जिथं सगळेच हळू होतात, तिथं खरोखर रस्त्यावर काहीतरी असतं. गाडीनं तेवढंच शिकायचं. इतकी वर्षं मी वर्गात शिकवतो आहे, पण एखाद्या कल्पनेसाठी खडू हातात घेऊन नुसतं उभं राहावंसं वाटलं, असं क्वचित झालं. त्यात कुणाला खोटं ठरवलेलं नव्हतं. मलाही नाही.

“पुढची खेप मी चालवतो,” ब्रेकवाले साहेब म्हणाले. “माझ्यात काय खोड आहे, तेही कळू दे.”

कळलं. रस्त्याकडेला कुठलीही गाडी उभी दिसली की साहेब तिची चाकं बघायला हळू व्हायचे. प्रयोगशाळेचे ड्रायव्हर मामा प्रत्येक फाट्यावर ओळखीच्यांना हात करायला हळू. मुलीच्या मार्गदर्शक बाई विद्यापीठातून मुद्दाम आल्या. त्या कुत्र्यासाठी हळू व्हायच्या, मग ते कुत्रं पाण्याच्या चारीपलीकडं झोपलेलं का असेना. मी मागच्या सीटवर बसून प्रत्येकाचा देव बघत होतो आणि मला फार बरं वाटत होतं. पण उसाची ट्रॉली दिसली, की माझ्यासकट चौघांचेही पाय एकाच जागी उठायचे. बैलगाडी दिसली की त्याहून आधी.

त्या दिवसांत ती मुलगी कशी काम करायची, ते मी बघितलं आहे. चित्रणातली एकेक उसाची गाडी ती स्वतः खूण करून घ्यायची. ट्रॉली, बैलगाडी, रिकामी, भरलेली, वाढे लोंबणारी. मशीनकडून करून घेता आलं असतं. पण मशीनला झुडूप वाटेल अशा ठिकाणी तिला आत बसलेला माणूस दिसायचा. “हे बघा, इथं बाई बसलीय उसावर,” म्हणून ती दाखवायची. मला ऊस दिसायचा. मग बराच वेळ बघितल्यावर एका साडीचा पदर.

आणि तिनं एकदाही ‘सरांमुळं’ असं म्हटलं नाही. मी तिच्या जागी असतो तर ते प्रबंधाच्या शीर्षकात घातलं असतं.

प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला तो गेटवरच अडला. भाड्यानं आणलेली बैलगाडी उसासकट गेटवर उभी, आणि सुरक्षावाले वाहन क्रमांक मागत होते. शेवटी ब्रेकवाले साहेब स्वतः गेले आणि म्हणाले, “पाहुणे आहेत, माझ्या नावावर सोडा.” बैल प्रयोगशाळेच्या गुळगुळीत ट्रॅकवर आले आणि त्यांनी आल्या आल्या त्याचं शेणानं उद्घाटन केलं.

समितीसमोर मुलीनं सुरुवातच चुकीपासून केली. गाडी कशी शेंदरी रंगाला थबकत होती, का थबकत होती, आणि ते कसं दुरुस्त केलं. अध्यक्षांनी विचारलं, “हे चालक कोण?” आमची सगळी रांग छताकडं बघायला लागली. मीही बघितलं. मग ब्रेकवाले साहेब खोकले, आणि मी उभा राहिलो.

अध्यक्षांनी मला नीट न्याहाळलं. “सोनईच्या अलीकडचा मारुती की पलीकडचा?”

“दोन्ही, सर.”

“अलीकडच्याला मीही करतो,” ते म्हणाले आणि कागद उलटला.

मग ज्या प्रश्नाची सगळ्यांना धास्ती होती, तो समितीतल्या एका सभासदांनी विचारला. “पण मला सांगा, या बैलगाड्या अशा किती दिवस राहणार?”

ती म्हणाली, “माहीत नाही सर. पण आहेत तोवर त्या पुढं असणार आणि आपण मागं.”

सगळे ट्रॅककडं निघाले.

गाडी निघाली. ड्रायव्हरच्या जागेवर कुणी नाही. शेंदरी कोनांची रांग आली आणि माझा पाय जमिनीवर उभ्या उभ्या उठला. गाडीचा नाही उठला. ती सरळ गेली. वळणापलीकडं बैलगाडी चालली होती, पाठीमागं नुसता ऊस, दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. गाडी वळली. मुलीनं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले होते. ब्रेकवाले साहेब पुटपुटले, “सांग त्याला, सांग.” आणि गाडी हळू झाली. आणखी हळू. बैलांच्या चालीला येऊन, मधे पुरेसं अंतर ठेवून, मुकाट त्यांच्या मागं चालू लागली. वाढे जमिनीवर घासल्याचा तेवढा आवाज येत होता. इतकी देखणी गोष्ट मी आमच्या क्षेत्रात दुसरी बघितलेली नाही.

उसाच्या गाड्यांचा भाग पुढच्या टप्प्यात राहील, असं अध्यक्षांनी तिथंच, शेण चुकवत उभं राहून सांगितलं.

सगळे जेवायला गेले तरी ती ट्रॅकच्या कठड्यावर बसून होती. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो, तर फोनवर बोलत होती, स्पीकर लावून. पलीकडं तिचे वडील, कुठल्याशा उसाच्या फडातून. मागं कोयत्यांचा आणि माणसांचा आवाज. तिची एरवीची विद्यापीठातली भाषा कुठल्या कुठं गेली होती.

“व्हय आप्पा, थांबली. बैलगाडीच्या मागं थांबली. मानूस न्हवता आत.”

“मानूसच न्हवता?”

“न्हाई. आजून लई काम हाय, पन थांबली.”

पलीकडून आवाज आला, “ब्येस झालं. पन मला येक सांग. तरीबी उद्या आली आंगावर, तर शिव्या कुनाला घालायच्या आमी?”

तिनं माझ्याकडं बघितलं. फोनवर हात ठेवून अगदी गंभीरपणे विचारलं, “सर, तुमचा नंबर देऊ?”

मी दिला. आप्पांनी तो लगेच लावून बघितला.